एक पाऊल मागे

१

चिनी सम्राट मी निवडला तो भांडणं टाळायला. आमच्या मंडळात ऐतिहासिक नाटक करायचं म्हटलं की पगडीच्या रंगावरून वाद सुरू होतो आणि कार्यक्रम होईपर्यंत निम्मी माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. हजार वर्षांपूर्वीच्या चिनी राजाच्या पगडीबद्दल ट्रॉय, मिशिगनमधल्या एकाही मराठी माणसाला काडीची माहिती नव्हती. म्हणून २००५ च्या फेब्रुवारीतल्या एकांकिका स्पर्धेसाठी मी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि सोंग घराण्याच्या पहिल्या सम्राटावर नाटक लिहून काढलं.

"सोंग घराणं?" दादा म्हणाले. "मग नाटकच करायला हवं."

दादा म्हणजे प्रल्हाददादा, माझे थोरले दीर. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायची छोटी कंपनी त्यांनी इथे स्वतःच्या हिमतीवर उभी केली आणि मग धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, केदारला, पुण्याहून बोलावून घेतलं. मी दुसऱ्या एका कंपनीत टेस्टर आहे. लोकांच्या कामातल्या चुका शोधायचे मला पैसे मिळतात. घरी तेच काम मी फुकट करते, असं केदारचं म्हणणं.

गोष्ट साधी होती. हा राजा आधी नुसता सेनापती होता आणि गादीवर एक लहान मूल होतं. एका पहाटे तो दारू पिऊन गाढ झोपलेला असताना त्याच्याच सैनिकांनी त्याच्या अंगावर पिवळा झगा टाकला. पिवळा रंग फक्त सम्राटाचा. तो जागा झाला तेव्हा सम्राट झालेला होता. राज्य त्याने चांगलं केलं. जुन्या सेनापतींना मारलं नाही, मेजवानीला बोलावून गोडीगुलाबीने घरी बसवलं. पण त्याच्या आईने मरताना त्याला बजावलं, की गादीवर मूल होतं म्हणून ती तुला मिळाली, तू तीच चूक करू नकोस, तुझ्यामागे धाकट्या भावाला बसव.

पुढचं जे म्हणतात ते असं. बर्फाच्या एका रात्री त्याने धाकट्याला महालात बोलावलं आणि नोकरांना बाहेर काढलं. नोकरांना मेणबत्तीच्या उजेडात नुसत्या सावल्या दिसल्या. धाकटा उठला आणि नको नको म्हणत असल्यासारखा मागे सरकला. मग कुऱ्हाड बर्फावर आपटल्याचा आवाज आला, आणि सम्राट मोठ्याने म्हणाला, "नीट कर." सकाळी सम्राट मेलेला होता आणि गादीवर धाकटा भाऊ. आत काय झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. सम्राटाला मुलगे होते. तेही पुढे फार जगले नाहीत, पण ते मी नाटकात घेतलं नाही. एकांकिकेत किती कोंबणार?

भूमिका वाटायचा प्रश्नच नव्हता. दादा सम्राट, केदार धाकटा भाऊ, माझी जाऊ सुमित्रावहिनी राजमाता. त्यांचा मुलगा निमिष हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होता, त्याच्याकडे लाइट आणि आवाज. झग्यासाठी वहिनींनी कपाटातून दादांची पिवळी शाल काढली. मंडळाने दादांचा सत्कार केला होता तेव्हा शाल-श्रीफळ दिलं होतं, त्यातली. नारळाची चटणी कधीच झाली होती.

२

तालमी रविवारी दुपारी दादांच्या बेसमेंटमध्ये व्हायच्या. वर वहिनींच्या स्वयंपाकाचा वास, खाली घर गरम करणारी फर्नेस सुरू होतानाचा धप्प आवाज. छताच्या पाइपांना दोरी बांधून आम्ही पांढरी चादर टांगली होती. तिच्यामागे दादांची खुर्ची, केदारचं स्टूल आणि पाठीमागे जमिनीवर एक दिवा. अलीकडे कार्पेटवर मांडी घालून मी, दिग्दर्शक.

शेवटचा प्रवेश सगळा सावल्यांचा. सम्राट बसलेला. धाकटा उठतो, दोन्ही तळवे पुढे धरतो, एक पाऊल मागे घेतो आणि बाजूच्या भिंतीला टेकतो. कुऱ्हाडीचा आवाज. "नीट कर." अंधार. आवाजासाठी निमिष शेजारच्या कपडे धुवायच्या खोलीत सिमेंटच्या जमिनीवर बर्फ फोडायचं हत्यार आपटायचा. इथे ते घरोघरी असतं, लांब दांडा आणि रुंद पातं. आम्ही त्याला कुऱ्हाडच म्हणायला लागलो होतो.

त्या दिवशी केदार उठला, तळवे पुढे झाले, तो मागे सरकला. छान. मग त्याची सावली पुन्हा पुढे आली आणि खुर्चीतल्या सावलीवर वाकली.

"थांबा!" मी ओरडले. "केदार, पुढे कशाला आलास?"

"कोण पुढे आलं?" चादरीमागून केदार म्हणाला. "मी तर भिंतीला टेकून उभा आहे."

"दादा, आला ना तो पुढे?"

"नाही गं. तो मागेच आहे. मला दिसतोय की इथून."

मी उठून चादरीमागे गेले. केदार भिंतीला टेकून बडीशेप चघळत होता.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. चूक पुन्हा घडवून दाखवता आली तरच ती चूक, नाहीतर टेस्टरला चष्मा बदलायला सांगतात. मी तो प्रवेश परत परत करून घेतला. दिवा डावीकडे ठेवला, उजवीकडे ठेवला. शेवटी दादा कंटाळून म्हणाले, "यामिनी, राजा मरायच्या आधी भुकेने जाईल." तेवढ्यात मला दिसलं, की कपड्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं आहे आणि आत दिवा चालू आहे. निमिष हलला की त्याची अंधुक सावली चादरीवर पडत होती. सापडलं. मी दार लावून घेतलं आणि मनातल्या मनात तो विषयही बंद केला.

पण निमिष त्या वेळी दांडा धरून सरळ उभा होता. वाकलं कोण होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

३

तालमीनंतर वर जेवायला बसलो. कटाची आमटी, भात, बटाट्याची भाजी. दादांच्या हृदयात थंडीच्या सुरुवातीला स्टेंट घातला होता, त्यामुळे त्यांच्या पानात तूप नव्हतं आणि ते माझ्या वाटीकडे बघत होते.

"मी वकिलाकडे जाऊन आलो," ते एकदम म्हणाले. "माझं काही बरंवाईट झालं तर कंपनी केदारकडे जाईल. निमिषकडे नाही. पोराच्या गळ्यात आत्ता हे लोढणं नको. आईनेही जाताना मला हेच सांगितलं होतं, केदारला मध्येच सोडू नकोस म्हणून."

वहिनींनी आमटीचं पातेलं टेबलावर जरा जोरातच ठेवलं. "राजमातेचे संवाद मी पाठ करतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही का पाठ केलेत?"

"बाबा, आय डोन्ट इव्हन वॉन्ट इट," निमिष म्हणाला. "सीरियसली. काका कॅन हॅव इट."

केदार खुर्ची सरकवून उठला. दोन्ही तळवे पुढे धरले आणि एक पाऊल मागे घेतलं. "नको रे दादा. हे काय मध्येच? निमिष आहे ना."

सगळे हसले. हुबेहूब तालमीतल्यासारखं झालं होतं. वहिनीसुद्धा हसल्या. मीही हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी केदारच्या पायांकडे बघतेय. तो आता पुढे येतो का, याची मी वाट बघत होते.

तो पुढे आला नाही. बसला आणि आणखी भात घेतला.

घरी जाताना गाडीत मी विचारलं, "तुला हवी आहे का कंपनी?"

"हवी नसती तर नको म्हणायला उठलो असतो का?" रस्त्यावरची नजर न काढता केदार म्हणाला आणि हसला.

केदार असाच बोलतो. बर्फ पडलं की आपल्या दारातलं नंतर आणि दादाच्या दारातलं आधी काढणारा माणूस तो. स्टेंट घातल्यापासून त्याने दादांना फावड्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. तरी त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून स्वतःची लाज वाटली.

४

पुढच्या रविवारी केदार नव्हता. शेजारच्या ओहायोत, टोलेडोच्या क्लायंटकडे गेला आणि बर्फामुळे रस्ता बंद झाला म्हणून तिथेच अडकला.

"तालीम कॅन्सल करू या," मी म्हटलं.

"अगं, माझं मरण माझं मला करता येतं," दादा म्हणाले आणि पिवळी शाल पांघरून चादरीमागे गेले. "त्याला कशाला ओहायोहून बोलवायचं?"

आवाज नको, नुसत्या हालचाली बघू असं ठरलं. कुऱ्हाड कोपऱ्यात टेकवून निमिष माझ्या शेजारी कार्पेटवर चिप्स खात बसला. कपड्यांच्या खोलीचं दार मी स्वतः लावलं. दिवाही मीच ठेवला.

दादांची सावली खुर्चीत बसली, मान खाली घातलेली. बराच वेळ काही झालं नाही. फर्नेस धप्प करून सुरू झाली आणि चादर किंचित हलली. मग उजवीकडे, जिथे स्टूल होतं तिथे, एक सावली उठली. तळवे पुढे धरले. एक पाऊल मागे गेली.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मला वाटलं, झालं, आज प्रवेश नीट बसला.

"ओ, काका इज बॅक?" निमिष म्हणाला. त्याने क्षणभरच वर बघितलं होतं, पुन्हा मान पिशवीत घातली.

सावली पुढे आली आणि वाकली. मी उठले. उठताना पायाला मुंग्या आलेल्या जाणवल्या, तेवढं आठवतं. मी चादर बाजूला ओढली.

दादा एकटे होते. स्टूल रिकामं. त्यांनी डोळे मिटले होते आणि कपाळावर घाम होता.

"आज चांगलं केलं त्याने," डोळे न उघडता ते म्हणाले. "आधी फार अवघडायचा."

"दादा, केदार टोलेडोत आहे."

त्यांनी डोळे उघडले. स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो की. विसरलोच मी." शाल त्यांनी गळ्याशी घट्ट धरली. "मग मी 'नीट कर' म्हणून कुणाला सांगितलं?"

मी अलीकडेच बसले होते. मला कुणी काही बोललेलं ऐकू आलं नव्हतं.

वर जाऊन मी केदारला फोन लावला. तो हॉटेलच्या खोलीत होता, झोपेतून उठल्यासारखा आवाज. तिकडून ठक्, ठक् असं येत होतं.

"कसला आवाज आहे?"

"पार्किंगमधलं बर्फ फोडतायत," तो म्हणाला. "का गं? तू रडतेयस का?"

"नाही," मी म्हटलं. मी रडतच होते.

५

मी दादांना सांगितलं, हे नाटक आपण करायचं नाही. त्यांनी कारण विचारलं. सावल्या जास्त दिसतात असं कुठल्या तोंडाने सांगणार? चादर तरी काढू, समोरासमोर बसवू, असं सुचवून बघितलं. ज्या भागातली चूक सापडत नाही तो भागच काढून टाकायचा, हाही आमच्या धंद्यातला एक उपाय.

"चादर हवीच," दादा म्हणाले. "आत काय झालं ते लोकांना दिसता कामा नये. तूच लिहिलंयस ना?"

स्पर्धा शनिवारी होती. सकाळपासून भुरभुर बर्फ पडत होतं. वहिनी आणि निमिष कपड्यांचं सामान घेऊन हॉलवर पुढे गेले होते. केदार आणि मी दादांना आणि त्यांच्या खुर्चीला घ्यायला गेलो. केदारने गाडी ड्राइव्हवेवर उभी केली, हीटर चालू ठेवला. "बस तू, थंडी आहे. घेऊन येतो त्याला," म्हणाला आणि किल्लीने पुढचं दार उघडून घरात गेला.

माझ्यासमोर गॅरेजचं बंद दार होतं. त्याला मध्यावर दुधी काचांची एक ओळ आहे. आत दिवा लागलेला होता.

काचांवर एक सावली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाची, डोकं आणि खांदे. दादा बूट चढवत असतील, मला वाटलं. वाइपर काचेवरून फिरला. आता शेजारी दुसरी सावली होती, उभी. केदार पोचला, मी म्हटलं. घरातून गॅरेजमध्ये उतरायला आतून दार आहे.

उभ्या सावलीने तळवे पुढे धरले.

मला हॉर्न वाजवायचा होता. हात उचलला गेला नाही. वाइपर पुन्हा फिरला. सावली एक पाऊल मागे गेली आणि काचेच्या कडेला थांबली. थांब तिथेच, मी म्हणत होते, मोठ्याने म्हणत होते. केदार, थांब तिथेच, बाबा.

ती पुढे आली.

मग आवाज आला. ठक्. आणि पुन्हा, ठक्. हीटरच्या घरघरीतूनही स्पष्ट.

मी दार उघडून बाहेर उडी मारली, घसरले, गुडघ्यावर पडले. वर बघते तर केदार पुढच्या दारातून बाहेर येत होता. एकटाच.

"दादा वर नाही गं," तो म्हणाला. "बाथरूममध्ये पण नाही. तुला दिसला का?"

दादा गॅरेजमध्ये खुर्चीत बसलेले सापडले. एक बूट पायात, दुसरा हातात. अंगावर शाल. कुऱ्हाड त्यांच्या पायाशी आडवी पडलेली होती आणि जमिनीवर सिमेंटचे ताजे टवके उडाले होते. अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. ॲम्ब्युलन्सवाले आले, डॉक्टर म्हणाले हार्ट. अशा माणसाने बर्फ फोडायला जायलाच नको होतं, म्हणाले.

बर्फ बाहेर होतं. गॅरेजमध्ये नव्हतं. हे मी कुणाला म्हटलं नाही.

६

इथल्या स्मशानात लाकडं नसतात. एक स्वच्छ खोली असते, मोठी काच असते, काचेपलीकडे भट्टीचं दार, आणि भिंतीवर एक हिरवं बटण. अग्नी द्यायचा म्हणजे ते बटण दाबायचं. गुरुजींनी मंत्र म्हटले, तुळशीपत्र ठेवलं आणि निमिषला खूण केली.

निमिष सुटाबुटात आणखीच लहान दिसत होता. बटणापर्यंत गेला. हात वर केला आणि तसाच थांबला. मग दोन्ही तळवे पुढे करून एक पाऊल मागे आला.

"आय कान्ट," तो म्हणाला. "काकू, आय कान्ट डू इट."

वहिनींना हुंदका आवरेना. मी त्यांना धरलं होतं. समोरच्या काचेत आम्हा सगळ्यांची प्रतिबिंबं दिसत होती, फिकट, एकमेकांवर पडलेली. त्यातलं एक प्रतिबिंब निमिषच्या मागून पुढे आलं. मी काचेकडे बघत होते, खोलीकडे नाही. आता वाटतं, मान वळवायला हवी होती.

खट्कन आवाज झाला. काचेपलीकडे भट्टीचं दार वर गेलं.

"मी नाही दाबलं," निमिष म्हणाला, मराठीत. त्याचे हात अजून तसेच पुढे धरलेले होते. "काकू, मी नाही दाबलं."

मी मान वळवली तेव्हा केदार खोलीच्या टोकाला होता. डोळे सुजलेले, हात जोडलेले.

"केदार?"

"मी तर भिंतीला टेकून उभा आहे," तो म्हणाला.

गुरुजी म्हणाले, होतं असं कधीकधी, मशीन आहे, ऑपरेटर पलीकडून चालू करतो. मी ते लगेच मान्य केलं. सगळ्यांनीच केलं.

परतताना गाडीत केदार म्हणाला, "दादाने सांगितलंय, नीट कर. करायला हवं."

"कधी सांगितलं?"

"त्या दिवशी."

"त्या दिवशी तुझी आणि त्यांची गाठ कुठे पडली? तू तर वर शोधत होतास."

गाडी सिग्नलला थांबली. केदारने माझ्याकडे बघितलं. माझाच नवरा, दमलेला, दाढी वाढलेला. त्याच्या डोळ्यांत दुःखाखेरीज काही शोधायचा मी प्रयत्न केला आणि मला ते सापडलं नाही. देवाशपथ सांगते, सापडलं नाही.

"तालमीत गं," तो म्हणाला. "तालमीत दर वेळी सांगायचा की."

७

वहिनी अस्थी घेऊन नाशिकला गेल्या. जाताना दादांची पिवळी शाल त्यांनी केदारच्या हातात दिली. तुमच्याकडे राहू दे, म्हणाल्या. निमिषची शाळा बुडायला नको म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. मला एकटीला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "कंपनी जाऊ दे गं. माझं पोर तेवढं सांभाळ." मी शब्द दिला.

मी शाल कपाटात सगळ्यात वर, ब्लँकेटांच्या खाली ठेवली. घरातले जमिनीवर आणि टेबलावर ठेवायचे सगळे दिवे गॅरेजमध्ये नेले. छताचे दिवे तेवढे लावायचे, म्हणजे सावल्या पायाशी राहतात. केदारने विचारलं तेव्हा डोळ्यांना त्रास होतो म्हणून सांगितलं. तो हसला नाही. दादा गेल्यापासून तो फार कामात असतो. ऑफिसात दादांच्या खुर्चीत बसत नाही, असं तिथली माणसं कौतुकाने सांगतात. कितीदा म्हटलं तरी नको म्हणतो, हात पुढे करतो, मागे सरकतो. मला हे सांगताना त्यांना वाटतं, मला बरं वाटेल.

मार्च संपत आला तरी बर्फ हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी केदार टोलेडोला होता. मी स्वयंपाकघरात त्याच्याशी फोनवर बोलत होते आणि निमिषसाठी दूध गरम करत होते. क्लायंट खूश आहे, उद्या दुपारी निघतो, निमिष जेवला का, असं नेहमीचं बोलणं.

"निमिषला सांग," केदार म्हणाला, "आल्यावर त्याच्याशी बसून बोलायचंय. दादाचे काही शेअर्स त्याच्या नावावर निघालेत. काय करायचं ते ठरवू दोघं."

"त्याला काही नकोय, केदार. तो तेव्हाच म्हणाला होता."

"माहितीय गं. तरी."

फोन कानाला लावूनच मी कप घेऊन निमिषच्या खोलीकडे गेले. दार उघडं होतं. पुस्तकावर डोकं ठेवून तो झोपला होता. टेबलावर वाकड्या मानेचा दिवा जळत होता. मी तो गॅरेजमध्ये नेला होता. शपथेवर सांगेन, नेला होता.

त्याच्या खांद्यांवर पिवळी शाल होती.

माझ्या हातातला कप दाराच्या चौकटीवर आपटला. त्या आवाजाने तो चाळवला, शाल अंगाभोवती ओढून घेतली आणि डोळे न उघडताच पुटपुटला, "थँक्स, काका."

"निमिष, काका टोलेडोत आहे."

"नो," तो झोपेतच म्हणाला. "ही वॉज जस्ट हिअर."

"हॅलो?" कानात केदार म्हणाला. "यामिनी? काय झालं?" त्याच्या आवाजामागून ठक्, ठक् ऐकू येत होतं. कदाचित तिकडे पार्किंगमधलं बर्फ फोडत असतील. फोडतातच.

निमिषच्या मागच्या भिंतीवर त्याची सावली होती, खुर्चीत बसलेली, डोकं टेकलेलं. तिच्या उजवीकडे दुसरी होती. मी दारात उभी होते, दिवा माझ्या पाठीशी नव्हता, ती माझी असणं शक्य नव्हतं. हे मी तपासलं. त्या अवस्थेतही तपासलं.

कप खाली ठेवून मी दोन्ही तळवे पुढे केले. "त्याला काही नको आहे," मी म्हटलं. "गादी नको, कंपनी नको. लेकरू आहे ते. त्याला सोड."

सावलीने ते ऐकलं असावं. तिनेही तळवे पुढे धरले. आणि अगदी सावकाश, अदबीने, ती एक पाऊल मागे गेली.

मी निमिषच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. शाल ओढून काढली, त्याचं डोकं पोटाशी धरलं. फोन जमिनीवर पडला होता आणि त्यातून केदार माझं नाव घेऊन हाका मारत होता. मी भिंतीवरून नजर काढली नाही. ती अजून मागेच होती, आणि मी तिच्या पुढे येण्याची वाट बघत होते.